मोठ्यानं म्हण

प्रिय बेटा,

परवा तू आलीस, चहा घेतलास, रिकामा कप खाली ठेवलास आणि मला विचारलंस, "काका, साखर होती का यात?" त्यानंतर अर्धा तास तू मला ध्यानाबद्दल सांगत होतीस. दहा दिवसांचं शिबिर, मोबाईलमधली ती घंटी, एक्केचाळीस दिवस रोज बसलीस आणि बेचाळिसाव्या दिवशी खंड पडला. "माझ्यानं होऊनच नाही राहिलं, काका." तेव्हा मी गप्प बसलो. काकू समोर होती आणि या विषयावर तिच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. काऊन, ते पुढं येईलच.

मी चौतीस वर्षं इंजिन चालवलं. नागपूर–इटारसी, तीनशे किलोमीटरच्या आसपास. कॅबमध्ये आम्ही दोघं. सिग्नल दिसला की असिस्टंटनं हात दाखवून मोठ्यानं म्हणायचं, "होम, डबल यलो!" आणि मी स्वतः पाहून परत म्हणायचं, "डबल यलो!" होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल, डबल यलो म्हणजे त्यावरचे दोन पिवळे दिवे. दोघांनाही दिसतोय, मग ओरडायचं कशाला, म्हणून नवी पोरं हसायची. बैतूलच्या पुढचा मरामझिरीचा घाट रात्री तीनला, मागं भरलेली मालगाडी घेऊन उतर, मग हस. जो सिग्नल रोज हिरवा मिळतो तो एखाद्या दिवशी पिवळा असला, तरी डोकं हिरवाच वाचतं. तोंडानं म्हणायचं ठरलं की मान वर करून बघावंच लागतं. म्हणून सांगतो, मोठ्यानं म्हण.

इंजिनात चालकाला जागं ठेवायला एक यंत्रही असतं. साठ सेकंद हँडल हललं नाही, ब्रेक नाही, हॉर्न नाही, की आधी दिवा लागतो, मग बझर. तरी बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. चांगलं यंत्र आहे. पण पेंगेतला हातसुद्धा ते बटण दाबायला शिकतो, हे मी माझ्याच हाताचं पाहिलंय. तुझी घंटी त्यातलीच. एक्केचाळीस दिवस तू बटण दाबलंस. राग आला तर येऊ दे.

घरातलं माझं बटण म्हणजे "हं". काटोलजवळ आमची संत्र्यांची बाग होती, निम्मी माझी, निम्मी भावाची. भाऊ त्याचा हिस्सा विकायला निघाला. काकूनं तीनदा विचारलं, आपण घ्यायची का? तिन्ही वेळा मी पेपरात डोकं घालून "हं" म्हणालो. पहिल्या "हं"चा अर्थ तिनं होकार लावला, दुसऱ्याचा पाहू, तिसऱ्याचा नको. हिस्सा परक्याच्या नावावर झाला आणि मी तिलाच विचारलं, मला सांगितलं का नाही? त्या दिवशी ती काही बोलली नाही. नंतर खूप बोलली.

आता तू म्हणशील, ड्युटीवर एवढा जागा माणूस घरी झोपलेला कसा? अगं, दहा-बारा तास डोळे ताणून आलेल्या माणसात उरतं काय? चौतीस वर्षांत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही. ते कोणी मोजत नाही. बाग मात्र दर दिवाळीला निघते. असो.

माझा एक असिस्टंट दर रविवारी विहारात जायचा. त्यानं एकदा सतिपट्ठान सुत्तातली, म्हणजे जागरूक राहण्यावरच्या बुद्धाच्या उपदेशातली ओळ सांगितली: चालताना भिक्खू "मी चालतोय" असं जाणतो, उभा असताना "मी उभा आहे" असं जाणतो. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम, सिग्नल कॉल करणं! तो म्हणाला, त्यात ओरडायला नाही सांगितलं साहेब, जाणायला सांगितलंय. त्याचं त्याच्यापाशी. जाणलं की नाही हे मला बोलल्याशिवाय कळत नाही, आणि तुलाही कळत नाही. साखर होती, बेटा. दोन चमचे.

तेव्हा वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं तूर्त राहू दे. सकाळी मिहानला जाताना बर्डीला मेट्रो बदलतेस नं? जिना उतरताना म्हण, "जिना". कुलूप लावताना म्हण, "कुलूप लावलं". आईचा फोन आला तर आधी म्हण, "आईचा फोन", मग उचल. लोक बघतील? निम्मं नागपूर कानात बोंडं घालून एकटंच बोलत फिरतंय, तुझ्याकडे कोण बघणार! दिवसातून चारच गोष्टी. पण मोठ्यानं.

मी अजून करतो. आज सकाळीच दूध तापवून नॉब फिरवला आणि सवयीनं म्हटलं, "गॅस बंद!"

आतून काकूचा आवाज आला, "बंद नाही झाला जी, बारीक झालाय. आधी पाहा, मग बोला."

तुझा,
काका