ग्रीन कार्डाच्या वकिलाआधी दुसरा वकील

प्रश्न : सर, मी मूळचा सांगलीचा, वय ३९. जानेवारी २०१८ पासून न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिला नोकरीची परवानगी आहे. मुलगी १० वर्षांची, जन्म भारतातला. कंपनीमार्फत ईबी-२ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या वर्गातलं आय-१४० (कंपनीचा मूळ अर्ज) मंजूर आहे, रांगेतली जागा ठरवणारी प्रायॉरिटी डेट ऑगस्ट २०१९. रांग संपता संपत नाही म्हणून स्वतःच्या खर्चाने ईबी-१ए (असामान्य कर्तृत्वाच्या वर्गातला अर्ज) करायचा विचार आहे. एका वकिलीणबाईंनी ३०० डॉलर घेऊन तासभर कागद पाहिले, फी ९,००० सांगितली आणि 'आज केस कच्ची आहे, दोन वर्षांनी या' म्हणाल्या. दुसरी एक फर्म २८,००० डॉलरमध्ये दहा महिन्यांत प्रोफाइल तयार करून अर्जही भरून देते, 'मनी बॅक गॅरंटी' आहे. मित्रांपैकी एकाच्या कंपनीचा वकील तीन-तीन आठवडे ईमेलला उत्तर देत नाही. दुसऱ्याने स्वतःचा वकील लावला आणि पंधरा दिवसांत मंजुरी आली. तिसऱ्याच्या पगारातून त्याच्या कन्सल्टिंग कंपनीने पर्मचा (ग्रीन कार्डासाठी कंपनीने आधी करायच्या कामगार खात्याच्या अर्जाचा) खर्च कापला. कोणावर विश्वास ठेवू?

पैशांसाठी भारतातले म्युच्युअल फंड विकेन. २०१८ पासून महिना २०,००० ची एसआयपी आहे, आज ३३ लाख झालेत. साडेबारा टक्के कर भरला की मोकळा, बरोबर? एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची मुदत ठेव) ३५ लाख (व्याज करमुक्त), दोन वर्षांपूर्वी घेतलेली युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र) ६ लाख आणि बाबांबरोबरच्या जॉइंट खात्यात १६ लाख आहेत. त्यांना हात लावत नाही. अमेरिकेचा जागतिक उत्पन्नावरचा कर ग्रीन कार्डानंतर लागू होईल, तोपर्यंत भारतातलीच गुंतवणूक वाढवावी असा बेत आहे. ४०१-के या कंपनीतल्या निवृत्ती खात्यातही त्यामुळेच काही टाकलं नाही, परत जावं लागलं तर अडकेल.

उत्तर : तुमच्या पत्रातला महागडा भाग २८,००० डॉलरचा नाही, शेवटच्या चार ओळींचा आहे. तरी विचारलं आहे ते आधी उरकतो.

मित्रांचे अनुभव वाचले. त्यातून वकिलाबद्दल फार थोडं कळतं. 'पंधरा दिवसांत मंजुरी' ही प्रीमियम प्रोसेसिंगची किमया. सुमारे ३,००० डॉलर जादा भरले की ईबी-१ए च्या अर्जावर पंधरा कामकाजाच्या दिवसांत काही ना काही हालचाल होते. वकील हुशार असो वा नसो. तीन आठवडे उत्तर न देणारा वकील कंपनीने नेमलेला आहे, त्याचं बिल कंपनी भरते आणि तो फोनही आधी कंपनीचाच उचलतो. कागदावर तो दोघांचा वकील असला तरी पगार थांबला की तो कोणाचा, हे लगेच कळतं. तिसऱ्या मित्राला मात्र सांगा, की पर्मचा खर्च आणि त्यातली वकिलाची फी कामगाराकडून घेणं जुलै २००७ पासून बेकायदा आहे. पगारातून कापून नाही, 'स्वखुशीने' परत घेऊनही नाही. आय-१४० आणि पुढच्या टप्प्याचा खर्च कर्मचाऱ्याने केला तर चालतो, पर्मचा नाही.

आता तुमचे दोन पर्याय. ईबी-१ए ची कल्पना वेडगळ नाही, हे आधी मान्य करतो. २०२५ मध्ये भारतीयांची ईबी-२ ची तारीख २०१२-१३ मध्ये रेंगाळत होती आणि ईबी-१ ची २०२२ च्या सुरुवातीला होती. ईबी-१ए मंजूर झालं तर तुमची २०१९ ची जुनी तारीख तिथे लावता येते, म्हणजे लगेच ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज. अकरा वर्षांत मुलगी २१ ची होईल आणि तुमच्या अर्जातून बाहेर पडायची भीती उभी राहील, तेही खरं. सरकारी फीही डोईजड नाही. आय-१४० चे हजारेक डॉलर आणि शेवटच्या टप्प्यात तिघांचे मिळून सुमारे ३,८००, मुलगी चौदाच्या आत आहे तोवर.

पण ईबी-१ए मिळतं ते आपल्या क्षेत्रात वरच्या फळीत असलेल्यांना. दहापैकी किमान तीन निकष दाखवायचे आणि त्यानंतर अधिकारी सगळं एकत्र तोलतो. ते २८,००० चं पॅकेज मी तुमच्या जोडपत्रात वाचलं (पुढचे काही तपशीलही तिथलेच). त्यातले १८,००० 'प्रोफाइल बिल्डिंग'चे आहेत. ७०० डॉलर भरून मिळणारा पुरस्कार, वर्गणी भरून मिळणारं 'मानद' सदस्यत्व, कोणाचा तरी लेख आणि त्याखाली तुमचं नाव, कुठल्याशा स्पर्धेत परीक्षकाची खुर्ची. गॅरंटीचं कलम वाचलंत का? नामंजूर झालं तर परत मिळणार फक्त अर्जाचे १०,०००. प्रोफाइलचे १८,००० बुडीत. शिवाय हे कोणी वकील नाहीत, 'पॅनेलवरचा वकील' ऐनवेळी येणार. तुमचा वकील कोण हे नोंदवणाऱ्या जी-२८ या फॉर्मवर कोण सही करणार, त्याचं नाव विचारा आणि ते राज्याच्या परवानाधारक वकिलांच्या अधिकृत यादीत स्वतः शोधा. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच उठा.

आणि ईबी-१ए मध्ये अर्जदार तुम्ही स्वतः असता. सही तुमची. विकत घेतलेला लेख स्वतःचा म्हणून दाखवला आणि अधिकाऱ्याने त्याला जाणूनबुजून केलेली खोटी माहिती ठरवलं, तर तो शिक्का जन्मभराचा असतो. मग आज हातात असलेलं ईबी-२ सुद्धा निरुपयोगी. २८,००० भरून मंजूर आय-१४० पणाला लावायचं, हा कुठला व्यवहार?

मला विचाराल तर ३०० डॉलर घेऊन ९,००० चं काम नाकारणाऱ्या वकिलीणबाई तुम्हाला भेटलेल्या सगळ्यांत स्वस्त पडल्या. दोन वर्षांनी त्यांच्याकडेच जा. जाताना लेखी विचारा, की ९,००० मध्ये आरएफईचं (अधिकाऱ्याने जादा पुरावा मागितला तर त्याचं) उत्तर धरलंय का, पत्नी-मुलीचे अर्ज धरलेत का आणि नामंजूर झाल्यास पुन्हा भरायची फी किती. एवढंच.

आता न विचारलेलं.

'जागतिक उत्पन्नावरचा कर ग्रीन कार्डानंतर लागू होईल.' हे तुम्हाला कोणी सांगितलं ठाऊक नाही, पण ज्याने सांगितलं त्याने तुमचं वकिलाच्या फीपेक्षा जास्त नुकसान केलं आहे. एच-१बी वाल्याचं कर-निवासित्व ग्रीन कार्डावर अडलेलं नसतं, ते दिवस मोजून ठरतं. जानेवारी २०१८ ला उतरलात, त्याच वर्षी १८३ दिवस ओलांडलेत. तेव्हापासून करापुरते तुम्ही अमेरिकेचे निवासी आहात आणि सांगलीतल्या बँकेचं व्याजही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं होतं. व्हिसाच्या रांगेत तुम्ही उंबऱ्याबाहेर असाल, कर खात्याने केव्हाच घरात घेतलंय.

डॉलर ९० रुपये धरू. फंड ३३, एफडी ३५, युलिप ६, जॉइंट खातं १६, मिळून ९० लाख, म्हणजे १ लाख डॉलर. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरवर गेली तरी एफबार हा परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो. बाबांबरोबरचं खातं तुमचं नाव आहे म्हणून त्यात धरलं जातं. पैसे बाबांचे, हे उत्तर चालत नाही. परदेशी मालमत्तेचा ८९३८ हा दुसरा फॉर्म जोडप्याला वर्षअखेर १ लाख डॉलरच्या पुढे लागतो, तिथे तुम्ही अगदी काठावर आहात. तुम्ही यातलं काहीच भरलेलं दिसत नाही. रिटर्नच्या शेड्यूल बी मध्ये 'परदेशात खातं आहे का' असा सरळ प्रश्न असतो. सॉफ्टवेअरमध्ये त्यापुढे तुम्ही काय टिकमार्क केलंय ते आज रात्री काढून बघा.

एनआरई एफडी. करमुक्त आहे ती भारतात. ३५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला अडीच लाखांच्या आसपास व्याज. केंद्र आणि न्यू जर्सी मिळून तुमचा दर ३० टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला पाऊण लाख कर राहिला. 'करमुक्त ७ टक्के' म्हणून मिरवलेली ही एफडी हातात ५ टक्क्यांच्या आत पडते, आणि तेही रुपयात.

फंड. हा खरा खड्डा, आणि तुम्ही नेमके त्यातच उडी मारायला निघालात. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात पीएफआयसी, म्हणजे नुसत्या गुंतवणुकीवर कमावणाऱ्या परदेशी कंपन्या, ठरतात. तुमचे ग्रोथ पर्यायातले आहेत आणि जोडप्याची मर्यादा ५०,००० डॉलर आहे, म्हणून त्यांच्यासाठीचा दरवर्षीचा ८६२१ फॉर्म आजवर कदाचित लागलाही नसेल. विकलेत की लागेल. १८ लाख घातले, ३३ झाले, नफा १५. भारताचा कर सव्वा लाखाची सूट वजा जाता सुमारे पावणेदोन लाख, इथवर तुमचं गणित बरोबर. अमेरिका मात्र तो नफा धारणेच्या सगळ्या वर्षांत वाटते, आधीच्या वर्षांच्या वाट्यावर सर्वोच्च दर म्हणजे ३७ टक्के लावते आणि वर त्या त्या वर्षापासूनचं व्याज घेते. साडेपाच लाखांच्या आसपास कर, व्याज धरून सहा-साडेसहा. भारतात भरलेल्याची काही वजावट मिळेल, सगळी नाही. शिवाय एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी. नव्वदेक हप्त्यांचा हिशेब मांडणारा सीए किंवा सीपीए बिल तासावर लावतो. मार्क-टू-मार्केटसारखे (न विकताही दरवर्षीच्या वाढीवर कर भरायचा) दुसरे मार्ग आहेत, पण कुठला धरायचा ते विकायच्या आधी ठरतं. म्हणून एसआयपी आज थांबवा आणि एकही युनिट विकू नका.

आणखी एक गंमत. बँकेच्या एका टेबलावर तुम्ही अनिवासी आहात, एनआरई एफडीवाले. पलीकडच्या टेबलावर त्याच माणसाची एसआयपी निवासी केवायसीवर, जुन्या बचत खात्यातून चालू आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते बचत खातं केव्हाच एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, व्हायला हवं होतं. आणि फंडाच्या फॉर्मवर 'अन्य कुठल्या देशाचा करदाता आहात का' याचं उत्तर 'नाही' असं गेलेलं असणार. भारत आणि अमेरिकेमध्ये जुलै २०१५ पासून फॅटका करार आहे, आपल्या बँका अमेरिकी करदात्यांची माहिती पाठवतात. एनआरई एफडीची गेली असेल असं धरूनच चाला.

युलिपबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. नाताळच्या सुट्टीत घरी आलेल्या माणसाला चहा पाजून बँकेच्या अधिकाऱ्याने वर्षाला ३ लाखांचा हप्ता गळ्यात मारला, १२ टक्के मिळतील म्हणाला. विमा नियामक फक्त ४ आणि ८ टक्क्यांचं चित्र दाखवू देतो, १२ आलं कुठून? अमेरिकेच्या व्याख्येत हा विमा ठरेल याचीच शंका, आणि आतले फंड पुन्हा पीएफआयसी. पाच वर्षांचं लॉक-इन आहे, तेव्हा पुढचा हप्ता भरायच्या आधी बंद करण्याचे आकार मागवा.

४०१-के चं थोडक्यात. मुरलेला, म्हणजे कायमचा तुमचा झालेला, पैसा देश सोडला म्हणून जप्त होत नाही, तुमच्याच नावावर राहतो. तुम्ही टाकलंत तर कंपनीही ४ टक्के घालते असं तुमच्या जोडपत्रात आहे. सरासरी सव्वा लाख डॉलर पगार धरला तर वर्षाला ५,००० आणि सात वर्षांत ३५,००० डॉलर तुम्ही कंपनीच्या टेबलावर ठेवून आलात. पुढच्या पगारापासून चालू करा.

मार्ग आहे. चूक अजाणतेपणी झाली असेल तर आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची, 'स्ट्रीमलाइन्ड' पद्धत आहे. तीन वर्षांची रिटर्न दुरुस्त करायची, सहा वर्षांचे एफबार भरायचे, अजाणतेपणाचं निवेदन द्यायचं आणि सर्वाधिक वर्षअखेर शिलकेवर ५ टक्के दंड. तुमच्याबाबतीत ५,००० डॉलरच्या आसपास. एफडीवरचा तीन वर्षांचा कर आणखी अडीच हजार, वर व्याज आणि फी. ही सगळी बेरीज त्या पॅकेजच्या बरीच खाली राहते. पण आयआरएसने आधी तपासणी सुरू केली की हे दार बंद. आणि आता एक अडचण मीच वाढवली आहे. हे उत्तर वाचल्यानंतर 'मला माहीत नव्हतं' असं तुम्हाला पुढच्या वर्षी म्हणता येणार नाही. जाणूनबुजून लपवण्याचा दंड शिलकेच्या निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही वर जाऊ शकतो.

त्यामुळे वकील लावाच, पण कराचा. निवेदनात काय लिहायचं याची चर्चा आधी वकिलाशी करा. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गुप्त राहतं, रिटर्न भरणाऱ्याशी झालेलं तितकं राहत नाही. गुपचूप जुनी रिटर्न बदलून मोकळं व्हायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. ग्रीन कार्डाचा वकील यातलं काही विचारणार नाही, ते त्याचं काम नव्हे. मात्र पुढे नागरिकत्वाच्या अर्जात कराचे प्रश्न थेट असतात, तेव्हा सात-आठ वर्षांचा हा गाळ वर येईलच.

२८,००० वाल्यांना बुकिंगचे पैसे दिले असतील तर परत मागा. नाही दिले तर विषय संपला. कराच्या वकिलाला सहा वर्षांतल्या प्रत्येक खात्याच्या सर्वाधिक आणि ३१ डिसेंबरच्या शिलका लागतील. जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स बाबांना शाखेतून घेऊन यायला सांगा. तिथे तोच अधिकारी त्यांना ज्येष्ठ नागरिकांसाठीची नवी पॉलिसी दाखवील. चहा प्यायला हरकत नाही, सही करू देऊ नका.