युनियनमधून आलेला माणूस महापौर झाला की युनियनचाच राहतो का? लॉस एंजलिसच्या व्हियारायगोसांचं काय झालं?

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: नाही राहिले. शिक्षक संघटनेचे पगारी संघटक म्हणून घडलेले अँटोनियो व्हियारायगोसा २००५ ते २०१३ अशी आठ वर्षं लॉस एंजलिसचे महापौर होते, आणि त्याच संघटनेशी त्यांचं सगळ्यांत कडाक्याचं भांडण झालं. पण ‘खुर्ची मिळाली आणि माणूस फिरला’ एवढ्यावर विषय संपवला तर महत्त्वाचं तेच राहून जातं. कुठल्या कामात मतं आणि पैसा त्यांच्या हातात होता आणि कुठल्यात नव्हता, हे बघितलं की ही कारकीर्द बरीचशी उलगडते.

आधी ते पद समजून घ्या. आपल्याकडचा महापौर डोळ्यांसमोर आणू नका. मुंबईत कारभार राज्य सरकारने नेमलेला आयुक्त चालवतो; महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी येतो. लॉस एंजलिसचा महापौर थेट मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेला असतो. अंदाजपत्रक तो मांडतो. खातेप्रमुख आणि बंदर, विमानतळ, वीज-पाणी यांच्या मंडळांवरची माणसं तो नेमतो, नगर परिषद त्यावर शिक्कामोर्तब करते. १५ जणांच्या परिषदेचा निर्णय तो नाकारू शकतो आणि तो नकार मोडायला १० मतं लागतात. शाळा मात्र त्याच्या नाहीत. त्यांचं मंडळ स्वतंत्रपणे निवडून येतं आणि त्याच्या हद्दीत लॉस एंजलिसखेरीज दोन डझनांहून जास्त लहान शहरं येतात. पुढे नडलं ते हेच.

व्हियारायगोसांचा जन्म १९५३चा, पूर्व लॉस एंजलिसच्या मेक्सिकन वस्तीतला. मूळ आडनाव व्हियार. लग्नानंतर बायकोचं रायगोसा त्यात जोडून नवं आडनाव घेतलं. वडील लहानपणीच घर सोडून गेले, आईने चार मुलं वाढवली. एका कॅथलिक शाळेतून नाव काढलं गेलं, मग सरकारी शाळेतल्या एका शिक्षकाच्या आग्रहाने शिक्षण पुरं झालं. तिथून यूसीएलए विद्यापीठाची पदवी, मग कायद्याचं शिक्षण. वकिलीच्या सनदेची परीक्षा चार वेळा देऊनही सुटली नाही. पंधराव्या वर्षी त्यांनी शेतमजूर युनियनच्या द्राक्ष बहिष्कारात काम केलं होतं. पुढे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनच्या स्थानिक शाखेचं अध्यक्षपद आणि मग युनायटेड टीचर्स लॉस एंजलिस, म्हणजे यूटीएलए, इथे संघटकाची नोकरी.

हे काम म्हणजे भाषणबाजी नव्हे. संघटकाच्या वाट्याला ठरावीक शाळा असतात. शाळा भरण्याआधी किंवा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जायचं, प्रत्येक शाळेत एक खंबीर प्रतिनिधी उभा करायचा, कराराचं कलम मोडलं गेलं तर मुदतीत लेखी तक्रार लावायची. हातातल्या यादीत एकेक नाव: हा ठाम, ही डळमळीत, हा विरोधात. संपाची हाक द्यायची की नाही हे त्या यादीवरून ठरतं, सभेतल्या टाळ्यांवरून नाही. मे १९८९ मध्ये यूटीएलएने नऊ दिवसांचा संप केला आणि तीन वर्षांत मिळून २४ टक्के पगारवाढ पदरात पाडून घेतली. याद्यांचं हे काम चोख झालेलं असल्याशिवाय वीस हजारांहून जास्त शिक्षक नऊ दिवस बाहेर राहत नाहीत. मतं मोजण्याची ही सवय व्हियारायगोसांना राजकारणात जन्मभर पुरली.

१९९४ साली ते कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत गेले आणि चारच वर्षांत सभापती झाले. तिथे त्यांची ओळख दोन्ही पक्षांना बरोबर घेणारा माणूस अशी झाली. शाळांच्या इमारतींसाठी ९२० कोटी डॉलरचे रोखे त्यांच्याच काळात मतदारांपुढे गेले आणि मंजूर झाले.

२००१ ची महापौरपदाची निवडणूक ते हरले. पहिल्या फेरीत पहिले आले, दुसऱ्या फेरीत जेम्स हान यांनी सुमारे ५३ टक्के मतं घेतली. त्या वेळी काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, युनियनांचा महासंघ पूर्ण ताकदीने व्हियारायगोसांच्या मागे होता. महासंघाचे प्रमुख मिगेल कॉन्त्रेरास यांनी नव्याने नागरिकत्व मिळालेल्या स्थलांतरित कामगारांना मतदार बनवून घरोघर फिरणारी यंत्रणा उभी केली होती. ती यंत्रणा मोठी होती, पण पुरली नाही. हान यांनी शेवटच्या दिवसांत एक बोचरी जाहिरात चालवली: कोकेनच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एकासाठी व्हियारायगोसांनी लिहिलेलं दयेचं पत्र. शहराच्या मध्यमवर्गीय भागात ती लागू पडली.

२००५ मध्ये तर उलटंच झालं. महासंघाने पाठिंबा दिला विद्यमान महापौर हान यांना. सत्तेवर असलेला आणि युनियनांशी नीट वागलेला महापौर सोडायचा नाही, हे त्यामागचं साधं गणित. व्हियारायगोसा तरीही ५८ टक्क्यांवर मतं घेऊन निवडून आले, १८७२ नंतरचे पहिले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, महापौर. म्हणजे ज्यांना सगळे ‘युनियनचा महापौर’ म्हणत होते, ते निवडून आले तेव्हा युनियनांचा अधिकृत उमेदवार दुसराच होता. ही बाब बऱ्याच लेखांत गाळली जाते. ती गाळली की पुढचे निर्णय कोड्यात टाकतात.

पहिला मोठा डाव शाळांचा. मंडळाचा कारभार महापौराकडे यावा म्हणून २००६ मध्ये त्यांनी राज्याकडून कायदा करून घेतला. पूर्ण ताबा मिळण्याइतकी मतं नव्हती, म्हणून यूटीएलएच्या नेत्यांबरोबर तडजोडीचा मसुदा बनला. तो पुढे संघटनेच्या सदस्यांनाच पटला नाही. कायदा अमलात येण्याआधी, डिसेंबर २००६ मध्ये, न्यायालयाने रद्द केला आणि एप्रिल २००७ मध्ये अपिलातही तेच झालं. कारण सरळ होतं: राज्यघटनेनुसार शाळांचा कारभार शाळा मंडळाकडे असतो, तो शहराच्या पदाधिकाऱ्याकडे देता येत नाही. मग त्यांनी शाळा मंडळाच्या निवडणुकीत आपल्या बाजूचं बहुमत आणलं आणि २००८ पासून दहा मागासलेल्या शाळा एका वेगळ्या भागीदारी संस्थेमार्फत चालवायला घेतल्या. एका दांपत्याने त्यासाठी ५ कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. वर्षभरातच त्यातल्या बहुतेक शाळांच्या शिक्षकांनी त्या कारभारावर अविश्वास दाखवला. डिसेंबर २०१० च्या एका भाषणात व्हियारायगोसांनी यूटीएलएला सुधारणांच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा म्हटलं. सेवाज्येष्ठतेनुसार नोकरकपात झाली की गरीब वस्तीतल्या शाळांतले नवे शिक्षक आधी जातात, हा त्यांचा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. पण सेवाज्येष्ठता सोडणं म्हणजे वरिष्ठांच्या मर्जीवर जगणं, ही युनियनची भीतीही खोटी नव्हती, आणि आपल्या जुन्या संघटकाने ते जाहीरपणे बोलावं याचा राग शिक्षकांच्या मनातून गेला नाही.

वाहतुकीत मात्र उलटं घडलं, आणि त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मेट्रोच्या मंडळावर मतदानाचा हक्क असलेले १३ सदस्य असतात. त्यात महापौर स्वतः आणि त्याने नेमलेले तिघे, अशी चार मतं एकगठ्ठा त्याची. आणखी तीन जुळवली की काम झालं. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘मेझर आर’, म्हणजे ‘आर’ नावाचा प्रस्ताव, थेट जनतेच्या मतदानाला गेला: विक्रीकरात अर्धा टक्का वाढ, ३० वर्षांसाठी, अंदाजे उत्पन्न ४,००० कोटी डॉलर. नवा कर लावायला दोन तृतीयांश मतं लागतात; ६७ टक्क्यांच्या वर मिळाली. मंदी ऐन भरात असताना लोकांनी स्वतःवर कर लावून घेतला. मग त्यांनी ३० वर्षांच्या उत्पन्नाच्या भरवशावर केंद्राकडून स्वस्त कर्ज घेऊन १२ प्रकल्प १० वर्षांत उरकण्याची योजना वॉशिंग्टनला नेली. तेवढं सगळं जमलं नाही, पण २०१२ च्या केंद्रीय कायद्यात अशा कर्जांची तरतूद कित्येक पटींनी वाढली. त्याच साली मेट्रोच्या बांधकामांसाठी युनियनांशी करार झाला, ज्यात ४० टक्के काम गरीब वस्त्यांतल्या कामगारांना देण्याचं उद्दिष्ट होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये कराची मुदत वाढवण्याचा ‘मेझर जे’ हा प्रस्ताव मात्र ६६.१ टक्क्यांवर अडकला. अर्ध्या टक्क्याने गेला.

बंदराचं प्रकरण मधलं आहे, आणि शिकण्यासारखं. २००८ मध्ये जुने धुरकट ट्रक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कार्यक्रम आला. १९८९ पूर्वीचे ट्रक त्याच ऑक्टोबरपासून बंद झाले. त्यातच एक अट होती की चालक हे कंपनीचे कायम नोकर असावेत. ट्रकचालकांच्या युनियनला तीच अट हवी होती, कारण कंत्राटी चालकाला संघटित करता येत नाही. मालवाहतूकदार कोर्टात गेले. वाहतूक कंपन्यांच्या दरांवर, मार्गांवर आणि सेवेवर स्थानिक सरकारने नियम करू नयेत असा केंद्राचा कायदा आहे; त्यावर बोट ठेवून २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती अट उडवली. हवा सुधारली, चालक कंत्राटीच राहिले.

शहराच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांशी वाजलं ते पैशावरून. २००७ मध्ये परिस्थिती बरी असताना नागरी कर्मचाऱ्यांच्या युनियनांना पाच वर्षांत सुमारे २५ टक्के वाढीचा करार दिला आणि वर्षभरात मंदी आली. सुमारे २,४०० जणांना लवकर निवृत्ती दिली गेली, बाकीच्यांना बिनपगारी सक्तीच्या रजा. घरगुती कचऱ्याचं शुल्क महिना ११ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ३६ डॉलरच्या वर गेलं होतं, पण ते नव्या पोलीस भरतीसाठी म्हणून. पोलीस दल १०,००० वर नेण्याचं वचन त्यांनी शेवटच्या वर्षी पुरं केलं. २०१२ मध्ये नव्या नागरी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५५ वरून ६५ वर नेलं. युनियनांशी वाटाघाट न करता हे केलं म्हणून २०१४ मध्ये कामगार संबंध मंडळाने तो निर्णय फिरवायला सांगितला. ज्या माणसाने उमेदीची वर्षं करार राबवण्यात घालवली त्याच्या हातून हे व्हावं, हे मला खटकतं.

मधल्या काळात, २००७ मध्ये, विवाहबाह्य संबंध उघड झाले आणि त्यांची राष्ट्रीय पातळीवरची झळाळी बरीच उतरली. २००९ ची फेरनिवड झाली, पण प्रतिस्पर्धी तगडा नसूनही मतं ५५ टक्क्यांच्या आसपासच होती.

२०१८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले. चार्टर शाळांच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळांच्या, धनाढ्य समर्थकांनी त्यांच्यासाठी स्वतंत्रपणे दोन कोटी डॉलरहून जास्त ओतले. राज्यातली मोठी शिक्षक संघटना प्रतिस्पर्धी गॅव्हिन न्यूसम यांच्या बाजूला होती. व्हियारायगोसा १३ टक्के मतांवर तिसरे आले. चार वर्षांनी, गव्हर्नर झालेल्या त्याच न्यूसम यांनी त्यांना पायाभूत सुविधांचे सल्लागार नेमलं, आणि ती नेमणूक मेट्रोच्या कामाच्या जोरावर होती.