नवीन डिझेल वेल्डिंग सेट घेतलास, तर एवढं ऐक

भाऊ, नागपूरजवळच्या बुटीबोरीला साईटवर सेट लावशील तेव्हा आधी धूर कुठे जातो ते बघ. मे महिन्यात सावलीसाठी पोरं सेट शेडमध्ये ढकलतात. मीही ढकलला होता. अर्ध्या तासात डोकं गरगरलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. सेट उघड्यावरच ठेव, सावली तू घे.

दुसरा धोका घामाचा. सेट चालू असला की वेल्डिंग थांबलेलं असतानाही रॉड धरायच्या होल्डरवर सत्तर-ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हाताला फारसं कळत नाही, पण नागपूरच्या ४५ डिग्रीत हातमोजे ओले झाले की तेच जिवावर येतं. दोन जोड जवळ ठेव, बदलत राहा. अर्थिंगचा क्लॅम्प जॉबलाच, म्हणजे ज्या लोखंडावर वेल्ड करतोस त्यालाच, वेल्डच्या जवळ, गंज घासून लाव.

ऑइल रोज सकाळी, थंड इंजिनवर बघ. इथल्या धुळीत एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या तासांच्या आधीच तुंबतो. डिझेल भरायचं ते सेट बंद करून, थोडा निवल्यावरच. आणि गरम रेडिएटरचं झाकण? हात लावू नको बाप्पा. बंद करण्याआधी पाच मिनिटं लोडशिवाय चालू दे.

घरमालक म्हणेल, लाईट गेली, जरा घराला जोड. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एकतर लाईनवर नाहीतर सेटवर ठेवणारा स्विच, नसेल तर सरळ नाही म्हण. उलटा करंट खांबावरच्या लाईनमनला लागतो.