माथेरानला पहिल्यांदा जाताय?

गाडी दस्तुरी नाक्यावरच ठेवावी लागते, हे आधी लक्षात घ्या. तिथून बाजारपेठ अडीचेक किलोमीटर. सामान कमी असेल तर चालतच जा. लाल मातीची ती सावलीतली वाट हेच खरं माथेरान. वाहनबंदीमुळेच हे जंगल टिकलंय, त्यामुळे तक्रार करू नका.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले आणि इंग्रजांचे बंगले उभे राहू लागले. पण मला जास्त मोठं वाटतं ते मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाचं काम. १९०७ मध्ये त्यांनी नेरळहून डोंगराला वळसे घालत दोन फूट रुंदीच्या रुळांवरची रेल्वे वर आणली. वेळ असेल तर त्या गाडीनेच या. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल मात्र चालते.

सगळे पॉइंट एका दिवसात उरकू नका. पहाटे पॅनोरमा, संध्याकाळी पॉर्क्युपाइन, तिथून समोर प्रबळगड दिसतो. शार्लोट तलावाजवळच्या पिसारनाथाला नक्की जा. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका आणि घोड्याचं भाडं बसण्याआधीच ठरवा.