डाव्या किडनीला दोन धमन्या असणं हा दोष आहे का? अशी किडनी बहिणीला देता येते का?

दोष नाही. सीटी अँजिओच्या (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनच्या) रिपोर्टवर बोट ठेवून 'हे नॉर्मल नाही' असं तुम्हाला ज्याने सांगितलं, तो फर्स्ट इयरला डिसेक्शनच्या (मृतदेह उघडून शिकण्याच्या) वेळी कँटीनमध्ये असणार. साधारण चारातल्या एका माणसाला कुठल्या तरी बाजूला एकाहून जास्त रीनल, म्हणजे किडनीच्या, धमन्या असतात. चारात एक! एवढ्या लोकांना सदोष ठरवायला पुस्तक पाठ असावं लागतं आणि बॉडी कधी उघडलेली नसावी लागते.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवत निवृत्त झाले. आमच्याकडे एका वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरून एक परीक्षक आले होते. सीनियर, दरारा मोठा. तालुक्याच्या गावातून आलेली एक बुजरी पोरगी टेबलाशी उभी होती. सरांनी डाव्या किडनीची धमनी दाखवायला सांगितली. तिने फोरसेपने एक उचलली, मग खालची दुसरी उचलली आणि म्हणाली, "सर, इथे दोन आहेत."

"एकच असते. दुसरी टेस्टिक्युलर असेल."

चूक अगदीच परकी नव्हती. टेस्टिक्युलर धमनीही महाधमनीतून तिथेच जरा खाली निघते आणि युरेटरला, म्हणजे किडनीतून लघवी खाली नेणाऱ्या नळीला, पुढून ओलांडते. पण ती वृषणाकडे खाली जाते. ही आडवी जाऊन किडनीच्या खालच्या टोकात शिरत होती. पोरीने तेच सांगितलं, "सर, ही किडनीत शिरतेय." त्यावर सर म्हणाले, "वाद घालू नकोस," आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारली. वाकून बघितलंसुद्धा नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. म्हटलं, सर, पोरगी बरोबर होती, बॉडी अजून टेबलावरच आहे, चला. त्यांचं उत्तर: "मॅडम, व्हेरिएशन्स पीजीला विचारायची. यूजीला नॉर्मल आलं तरी पुष्कळ." (व्हेरिएशन्स म्हणजे नेहमीपेक्षा वेगळी रचना, पीजी म्हणजे पदव्युत्तर, यूजी म्हणजे एमबीबीएसची पोरं.) मार्क काही वाढले नाहीत. मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही, की समोर दिसतंय ते सांगायला पीजी कशाला व्हावं लागतं? यूजी होऊन बाहेर पडलेला डॉक्टरच उद्या तुमच्यासारख्या माणसाला रिपोर्ट समजावतो ना?

बरं, दोन का असतात. किडनी आज आहे तिथे तयार होत नाही. गर्भाच्या पाचव्या आठवड्यात ती ओटीपोटात असते आणि नवव्यापर्यंत वर सरकत कमरेत येते. बिऱ्हाड हलवावं तशी ती दर मुक्कामाला जवळच्या वाहिनीकडून रक्त घेते. आधी ओटीपोटातल्या इलिअ‍ॅक धमन्यांकडून, मग महाधमनीच्या खालच्या भागाकडून, मग आणखी वरून. जुन्या वाहिन्या आटतात. एखादी आटत नाही, तीच तुमची दुसरी. नालाच्या आकाराच्या जोडकिडनीचा (दोन किडन्या एकमेकींना जुळलेल्या असतात तिचा) सांधा वर जाताना आतड्याकडे जाणाऱ्या इन्फीरिअर मेसेंटेरिक धमनीखाली अडकतो. त्या किडनीला तर बहुधा तीन-चार ठिकाणांहून रक्त येतं.

यातली एकही फालतू नसते. किडनीच्या धमन्या आत एकमेकींना जोडलेल्या नसतात. ग्रेव्हज नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये किडनीचे पाच भाग दाखवले, प्रत्येकाची धमनी वेगळी. एक बांधली की तिचा भाग मेला. म्हणून 'एक्स्ट्रा आहे, बांधून टाकू' असं कोणी सहज म्हणालं की माझं डोकं फिरतं.

तुमच्या बहिणीचं म्हणाल तर दोन धमन्या आहेत म्हणून दान आपोआप रद्द होत नाही. सर्जन बऱ्याचदा किडनी बाहेर काढल्यावर दोन्ही तोंडं शेजारी शिवून एक करतात किंवा बारीक धमनी मोठीच्या कडेला जोडतात. काम वाढतं, वेळ वाढतो. डावी किडनी सहसा आधी बघतात, कारण तिची शीर (रक्त परत नेणारी वाहिनी) लांब असते, पण दोघींची तुलना करून ते उजवीही निवडू शकतात. तुम्ही एवढंच विचारा, की दुसरी धमनी वरच्या टोकाला जाते की खालच्या. खालची असेल तर युरेटरलाही तिच्यातून रक्त जातं, ती गमावली तर बहिणीला पुढे लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो. ती युरेटरला ओलांडत असेल तर तुमच्या स्वतःच्या किडनीतून लघवी नीट उतरते ना, हेही विचारून घ्या. एरवी अशी धमनी काही त्रास देत नाही.

आता दोन गोष्टी. मी सर्जन नाही. वरच्या टोकाची अगदी दोऱ्याएवढी धमनी ते कधी कधी बांधतातही, तेवढ्याने किडनीचं फारसं बिघडत नाही. आणि आटणाऱ्या वाहिन्यांचं जे चित्र मी रंगवलं ते फेलिक्स नावाच्या संशोधकाने १९१२ मध्ये मांडलेलं आहे, अलीकडच्या भ्रूण-अभ्यासांत त्यावर शंका घेतल्या गेल्यात. पण टेबलावर दोन दिसत असतील तर त्या दोनच आहेत, सर.