रेझ्युमे मुलाचा, मोबाइल नंबर वडिलांचा

(बार्शीहून एका शिक्षक वडिलांचं पत्र आहे. मुलगा 2025 मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, सीजीपीए 7.2, नोकरी अजून नाही. वडिलांनी स्वतः रेझ्युमे बनवला, एका वेबसाइटवर त्याला शंभरपैकी 92 ‘एटीएस स्कोअर’ मिळाला, रजिस्टरमध्ये कंपन्यांची यादी काढून सगळीकडे पाठवला. उत्तर कुठूनच नाही. पुण्यातली एक कन्सल्टन्सी 60 हजारांत दोन वर्षांच्या अनुभवाचे कागद करून देते म्हणते. प्रश्न दोन: फॉरमॅट कोणता वापरू? आणि अनुभव दाखवू का?)

सर, पत्राच्या आधी मी सोबतचा रेझ्युमे वाचला. वर नाव मुलाचं, पण मोबाइल नंबर तुमचा आणि ई-मेलही तुमचाच. कारण तुम्हीच लिहिलं आहे: तो अनोळखी फोन उचलत नाही, संधी हातची जायला नको.

पण ती गेली ती तिथेच असणार. एचआरचा पहिला फोन दोन-चार मिनिटांचा असतो. मुलगा कसा बोलतो, कधी रुजू होईल, पुणे-बंगळूर चालेल का, एवढंच त्यात बघतात. तिकडून ‘मी त्याचे वडील बोलतोय, काय ते मला सांगा’ असं ऐकू आलं की पुढचा नंबर लावला जातो. फ्रेशर्सची यादी लांबलचक असते, परत फोन करायला कुणाला वेळ नसतो.

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. चार पानी पत्रात तुमच्या रजिस्टरची माहिती आहे, शेजारच्या मुलाला हिंजवडीत मिळालेलं पॅकेज आहे, नातेवाईक काय विचारतात तेही आहे. मुलाला काय करायचंय याबद्दल एक ओळ नाही. त्याला बॅकएंडचं (पडद्यामागच्या, सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं) काम आवडतं की टेस्टिंगचं, हे तुम्हाला माहीत आहे का? अर्ज कुठे गेले हेच ज्याला ठाऊक नाही, तो फोन उचलून बोलणार तरी काय?

आता अनुभवाचे कागद. नाही. घेऊ नका, आणि ॲडव्हान्स दिला असेल तर तो बुडाला समजून बाहेर पडा. रुजू होताना बहुतेक आयटी कंपन्या बाहेरच्या एजन्सीकडून पार्श्वभूमी तपासून घेतात. यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायम नंबरची, सर्व्हिस हिस्टरी मागतात, फॉर्म 16 (पगारावर कापलेल्या कराचा दाखला) मागतात, जुन्या कंपनीच्या एचआरला विचारतात. सॅलरी स्लिप छापून मिळते, पण पीएफच्या नोंदी छापून मिळत नाहीत. मुळात डिग्री 2025 ची आणि अनुभव दोन वर्षांचा, म्हणजे वर्गात बसायच्या दिवसांत पोरगा नोकरी करत होता असं तुम्ही लिहून देणार. खोटा कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे, आणि कन्सल्टन्सी काही म्हणो, अडकेल तो मुलगाच. गंमत म्हणजे त्याच रेझ्युमेच्या तळाशी ‘वरील माहिती सत्य असल्याचे जाहीर करतो’ हेही आहे. ते डिक्लरेशन काढा, त्याची गरज नसते.

92 गुणांचा गैरसमज तेवढा दूर करतो, कारण हल्ली दर दुसऱ्या पत्रात तो असतो. एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवून त्यातून शोध घेणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यात शोधायचे शब्दही पदाप्रमाणे वेगळे. सगळ्यांना लागू होईल असा एक स्कोअर अस्तित्वातच नाही. जी वेबसाइट गुण देते, तिचाच बऱ्याचदा ‘गुण वाढवून देऊ’ असा पॅक विकायला असतो. त्यापेक्षा घरी एक साधी तपासणी करा. पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मी तुमच्या फाइलवर करून पाहिलं: दोन कॉलमच्या डिझाइनमुळे दहावीचे टक्के ‘जावा’च्या शेजारी जाऊन बसले, आणि स्किल्सच्या जागी काहीच आलं नाही, कारण ती रंगीत पट्ट्यांचं चित्र आहे. सॉफ्टवेअरलाही असाच गोंधळ दिसण्याची भीती आहे. एक कॉलम, एक पान, साधी अक्षरं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. फोटो, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, छंद हे सगळं उडवा. दहावी-बारावीचे टक्के राहू द्या. बऱ्याच कंपन्या फ्रेशरला साठची अट घालतात.

टीसीएसची भरतीपरीक्षा एनक्यूटी किंवा सी-डॅकच्या कोर्सची प्रवेशपरीक्षा सी-कॅट द्यायची असेल तर त्याने जरूर द्यावी, फॉर्म मात्र त्यानेच भरावा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय: ‘मामाच्या दूध संकलन केंद्रासाठी हिशेबाचं काहीतरी बनवलंय, पण ते घरगुती, म्हणून लिहिलं नाही.’ आणि लिहिलंय काय, तर ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’! तो प्रोजेक्ट निम्म्या वर्गाच्या रेझ्युमेत असतो. इकडे या मुलाने फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर काढणारं, सकाळ-संध्याकाळची नोंद ठेवणारं, दहा दिवसांचं बिल काढणारं ॲप केलं, आणि मामा ते रोज वापरतात. दरपत्रक बदललं तर जुन्या बिलांचं काय होतं? वीज गेली आणि नोंद अर्धवट राहिली तर? मुलाखतीत त्याला हेच विचारतील, आणि याची उत्तरं त्याला पाठ करावी लागणार नाहीत.

तो प्रोजेक्ट वर घ्या. काय केलं, कशात केलं, किती उत्पादकांच्या नोंदी त्यात आहेत आणि बिलाचं काम किती वेळात होऊ लागलं, हे तीन-चार ओळींत यायला हवं. खरा आकडा मामांना विचारून घालावा, फुगवू नये. कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकून लिंक द्यावी, त्याआधी शेतकऱ्यांची नावं आणि बँक खाती त्यातून काढून टाकावीत. स्किल्समध्ये तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमिंगच्या अकरा भाषांपैकी ज्यावर तो दहा मिनिटं बोलू शकतो तेवढ्याच ठेवाव्यात. तीन उरल्या तरी चालतील.

या ओळी त्याने लिहायच्या आहेत, तुम्ही नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तर मी दुरुस्त करून देईन. ई-मेल मात्र त्याच्या आयडीवरून आला पाहिजे, खाली नंबर त्याचा. मी फोन करेन तेव्हा उचलायला सांगा.