डिपॉझिट, ओल आणि नारळीकर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. खोली मिळत नाही, एकट्या मुलीला सोसायटीवाले नकार देतात, त्यात २० मे २०२५ रोजी आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर गेले आणि आपल्या विवंचना सोडून त्यांच्यासाठी रडू येतं याचीच तुला लाज वाटते. कसली लाज? वर्गात त्यांच्या विज्ञानकथा बाकाखाली धरून वाचायचीस, ते मला दिसायचं बरं का.

आधी खोलीचं बघू. ऐरोलीतच हवी हा हट्ट सोड, घणसोली-कोपरखैरणेही बघ. गावठाणात भाडं कमी असतं, पण बांधकाम अधिकृत आहे का ते विचारायला संकोचू नकोस. खोली बघायला सकाळी पाण्याच्या वेळेला जा. ताज्या रंगावर भाळू नकोस, मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. बाथरूमला लागून असलेली भिंत चाचपून बघ, कपाट सरकवायला सांग. मागे रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर जुलैत तुझ्या पुस्तकांना बुरशी आलीच म्हणून समज.

‘अकरा महिन्यांसाठी नोंदणी कशाला?’ असं घरमालक म्हणेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती त्याने टाळली आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. हे न भांडता, हसत सांग. डिपॉझिट बँकेतूनच दे आणि आकडा करारात आला की नाही ते स्वतः वाच. एजंट ‘वाचायचं काय त्यात’ म्हणतोच.

आता नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. केंब्रिज गाजवून आलेला माणूस, पण परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून! मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा हेच जास्त आवडतं. तुझी ती अर्धवट कथा ‘घर मिळालं की बघू’ म्हणून बाजूला टाकलीयस ना? ती काढ. रोज पानभर झालं तरी चालेल.

शनिवारी ठाण्याला ये. मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ, १८९३ सालचं आहे ते. तुझा पत्ता पक्का होईपर्यंत माझ्या नावावर पुस्तक घे. आणि कराराचा मसुदा हातात आला असेल तर तोही घेऊन ये, सही करायच्या आधी.

तुझ्या बाई